शून्याखालचे आकडे

"आमची थोरली सूर्याच्या नोकरीत आहे," असं आई शेजारणींना सांगायची. एखादी विचारी, "म्हणजे दिवसभर उन्हात?" त्यावर आईचं उत्तर ठरलेलं, "कुठलं ऊन घेऊन बसलीस बाई, तिच्या खोलीला खिडकीसुद्धा नाही."

खोटं नव्हतं ते. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टपासून सगळ्यात लांब, चारी बाजूंनी भिंती आणि भिंतींवर पडदे अशी ती खोली होती. सूर्यावर नजर ठेवायची ती या पडद्यांतून. सूर्याच्या अगदी जवळ एक यंत्र फिरत होतं, त्याला सगळे 'पहारेकरी' म्हणत. सूर्याच्या वाऱ्यातून वाहत येणारे विजेचा भार असलेले कण ते मोजायचं आणि आकडे खाली पाठवायचं. ते वाचून चंद्रावर काम करणाऱ्या माणसांना सांगायचं, आज बाहेर पडा किंवा आज आत बसा. एवढीच नोकरी. पण माणसांचा जीव त्यावर होता, आणि थोरलीला त्याची जाण होती.

धाकटा वेल्डर होता. लहानपणी एका जागी बसायचा नाही म्हणून घरात त्याला भिंगरी म्हणत, तेच नाव चिकटलं. चंद्रावर पाण्याचे नळ टाकायला माणसं हवी होती, यानं अर्ज केला आणि निवडही झाली. निघायच्या आधीच्या रविवारी तिघंही जेवायला बसली होती. आई मुकाट्यानं वाढत होती, म्हणजे रागावलेली होती.

"पृथ्वीवरचे सगळे नळ जोडून झाले होय रे?" तिनं शेवटी विचारलंच.

"इथले नळ जोडायला सगळेच येतात गं. आणि देव काय इथंच राहतो? तूच म्हणतेस ना, तो सगळीकडे आहे."

"तो सगळीकडे आहे रे, मी नाहीये सगळीकडे," आई म्हणाली.

मग विषय बदलायला म्हणून त्यानं बहिणीला विचारलं, "ताई, मला एकदा नीट सांग. ते कण एवढे घातक कशानं होतात? सूर्यातून निघतानाच तसे असतात का?"

"नाही रे. निघताना बापुडवाणे असतात. वाऱ्याबरोबर आपले वाहत येतात. भार असतो अंगात, म्हणून चुंबकाच्या रेषा धरूनच चालायचं, रेषा सोडायची नाही. ताकद त्यांना वाटेत मिळते."

"कोण देतं?"

थोरलीनं घास ठेवला आणि आईकडे बघितलं. "आई, आत्या आणि मामांचं बिनसलं होतं तेव्हाचं आठवतंय?"

"विसरेन कशी?"

"निरोप काय होता मुळात? 'या खेपेला येणं जमणार नाही.' बस. तो मामांकडे गेला, मामांनी त्यात चिमूटभर घालून परत पाठवला. आत्यानं पुन्हा घातलं. दर खेपेला थोडं. त्यात दोघंही एकमेकांच्या अंगावर चालून येत होती, त्यामुळे खेपा भराभर व्हायला लागल्या. शेवटी तो निरोप आपल्या दारात आला तेव्हा..."

"हात पोळला माझा," आई म्हणाली.

"तसंच आहे ते. सूर्यावर स्फोट झाला की त्याच्यापुढे एक भिंत सुटते. चालती भिंत. तिच्यामागून दुसरी सुटली आणि ती पहिलीपेक्षा वेगात असली, की मधले कण सापडतात. पुढची भिंत पळती, म्हणून कण तिच्यावर आपटला की थोडी ताकद जाते. मागची अंगावर येणारी, म्हणून तिच्यावर आपटला की जास्त मिळते. गेली थोडी, आली जास्त. पुन्हा गेली थोडी, आली जास्त. आणि भिंती तर जवळ जवळ येतायत. बरेचसे कण निसटून जातात. जे निसटत नाहीत, ते वाढतच जातात."

"किती?"

"तुझ्या पोशाखातून आरपार जाण्याइतके."

आईनं डाव थोडा जोरातच भांड्यात ठेवला. "जेवताना असलं बोलू नये."

भिंगरी हसला. "बोलू दे गं. मला काय, माझी सख्खी बहीण दारावर राखणीला आहे."

*

त्या खोलीत एक रिवाज होता. मधोमध एक खुर्ची होती. तिच्यात बसेल तो ठरवणार, वरच्या माणसांना आत बोलवायचं की नाही. आणि ज्याचं नात्याचं माणूस वर असेल, त्यानं त्या खुर्चीत बसायचं नाही. नुसतं बसायचं नाही असं नाही, निर्णयात तोंडही घालायचं नाही.

याला कारण होतं. मागे एका बाईंचा नवरा वर होता. सूर्यानं जरा खोकला काढला की त्या सगळ्यांना आत बोलवायच्या. काम रखडलं ते रखडलंच, पण वरच्या माणसांचा इशाऱ्यावरचा विश्वास उडाला. इशारा आला की ती हातातलं काम उरकून मग सावकाश निघायची. मग बैठक झाली, आणि त्या बैठकीत हा नियम व्हावा म्हणून सगळ्यात जास्त भांडली होती ती थोरलीच. "भीतीपोटी दिलेला इशारा तो इशारा नव्हेच," ती म्हणाली होती. त्या बाई खाली मान घालून ऐकत होत्या. थोरली वाईट नव्हती हो, नियमाला चिकटून राहणारी होती. आपण नीट वागलो म्हणजे देव आपलं नीट करील, अशी तिची सरळ समजूत होती.

म्हणून भिंगरी वर गेला त्या दिवशी कोणी सांगायच्या आत तिनं खुर्चीवरची आपली उशी उचलली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली. खुर्चीत आले मास्तर. आधी शाळेत विज्ञान शिकवायचे, म्हणून मास्तर. माणूस हुशार आणि मनानं मोकळा.

"उशी ठेवली असतीस तरी चाललं असतं," ते म्हणाले. "माझ्या बुडाला काय नियम लागू नाही."

कोपऱ्यातल्या टेबलावर पहारेकऱ्याचे कच्चे आकडे यायचे. खुर्चीसमोरच्या पडद्यावर यायचे ते निवडलेले, धुतलेले. आता हे धुणं कसं चालायचं, ते समजून घ्यायला हवं, कारण सगळा घात तिथंच झाला. एखादं वादळ ओसरलं की खोलीत ते 'बंद' करायचे. बंद केल्यावर त्याचे जे उरलेसुरले कण सूर्याच्या वाऱ्यात असत, तेवढा आकडा पुढच्या प्रत्येक मोजणीतून वजा करायचे. म्हणजे नवं वादळ आलं तर त्याचंच तेवढं दिसावं, शिळं मधे येऊ नये. आणि वजाबाकी कधी शून्याच्या खाली गेली, तर पडदा शून्यच दाखवायचा. शून्यापेक्षा कमी कण असतील कुठून? हसण्यासारखी गोष्ट. वर्षानुवर्षं तसंच चाललं होतं आणि कोणाला त्यात वावगं दिसलं नव्हतं. थोरलीलाही नाही.

*

आदल्या दिवशी दुपारी सूर्यावर एक स्फोट झाला होता. मध्यमच होता, त्याची भिंतही संथ. वरच्या माणसांना रात्रभर आत ठेवलं, सकाळी कण ओसरले, मास्तरांनी वादळ बंद केलं. माणसं कामाला बाहेर पडली. भिंगरीचं काम नळाच्या पार टोकाला होतं, निवाऱ्यापासून गाडीनं वीस मिनिटं लांब. बरोबरचे दोघं त्याला तिथं सोडून आणखी नळ आणायला गाडी घेऊन माघारी निघाले होते.

जेवणाच्या सुमारास त्याच जागेवरून दुसरा स्फोट झाला. छोटासा, अरुंद, पण वेगानं सुटलेला.

मास्तरांनी बघितलं. पडद्यावर सगळीकडे शून्य. "लहान आहे," ते म्हणाले, "आणि रान तर सगळं मोकळं आहे. शांततेपेक्षाही शांत. काम चालू द्या." एकट्यानं आलेल्या तेवढ्या वादळासाठी निर्णय बरोबर होता. थोरली खुर्चीत असती तर तिनंही हाच दिला असता.

पण ती खुर्चीत नव्हती. ती कच्च्या आकड्यांसमोर होती, आणि तिथं वजाबाकी शून्याखाली गेलेली दिसत होती. थोडीशी नाही, चांगली खोल.

यंत्र कणांना त्यांच्या ताकदीप्रमाणे पायऱ्या-पायऱ्यांवर मोजायचं. खालच्या पायरीवर अशक्त, वरच्या पायरीवर बलवान. खालच्या पायऱ्या रिकाम्या होत होत्या. शिळ्या वादळाचे जे कण तिथं असायला हवे होते, ते नव्हते. तिच्या डोक्यात पहिल्यांदा आलं ते सगळ्यांच्या डोक्यात आलं असतं तेच, की गेले असतील उडून. मग सहज म्हणून तिनं सगळ्या पायऱ्यांची बेरीज केली. बेरीज जवळजवळ तेवढीच होती. एकही कण कुठं गेलेला नव्हता. ते जिना चढत होते.

पुढे संथ भिंत, मागे वेगवान भिंत, मधे कालचे उरलेले कण, आणि त्यांच्या मधोमध उभा पहारेकरी. नवं वादळ लहान असलं तर काय झालं, त्याला नवे कण कुठं आणायचे होते? ज्यांना आपण शिळं म्हणून पुसून टाकलं, तेच त्याचं सरपण होतं.

ती अर्धी उठली आणि तशीच खाली बसली.

इथं माणसाचं मन कसं चालतं बघा. तिला दिसलेलं खरं होतं. पण ते दिसताक्षणी तिच्या डोळ्यांसमोर आला तो भाऊ, आणि भाऊ डोळ्यांसमोर आला म्हणून तिला आपल्याच डोळ्यांचा भरवसा वाटेना. हे गणित बोलतंय की भीती? वरच्या पायऱ्यांवर आकडे अजून लहान होते, पडदा शून्यच धरील इतके विखुरलेले. चुकीचे असले तर? उद्या कोणी म्हणेल, बघा, नियम करणारी हीच आणि भावासाठी नियम मोडणारीही हीच. आणि ज्यांचा नवरा वर होता त्या बाई. त्यांची खाली घातलेली मान तिला आठवली. एकदा तपासते, ती मनाशी म्हणाली. बोलले तर असं बोलेन की कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

तिनं हिशेब मांडला. भिंतींचे वेग, मधलं अंतर, दर फेरीला मिळणारी ताकद. उत्तर वाईट आलं. मग तिनं सगळे आकडे सौम्य बाजूनं धरून पुन्हा मांडला, म्हणजे भीतीचा अंश निघून जाईल.

तेवढ्यात मास्तर चहाचे दोन पेले घेऊन कोपऱ्यात आले. एक तिच्यापुढे ठेवला.

"काय गं ताई, चेहरा असा का? भाऊ बाहेर आहे म्हणून?"

त्यांनी मायेनंच विचारलं होतं. पण त्या एका वाक्यानं तिच्या ओठांवर आलेलं सगळं परत आत गेलं.

"छे," ती म्हणाली. "कच्चे आकडे बघत होते."

"बघ बघ. कच्चं खाऊन पोट बिघडवून घेऊ नकोस म्हणजे झालं." आणि ते खुर्चीकडे परतले.

चहा तसाच राहिला. दुसऱ्या हिशेबाचं उत्तरही वाईट आलं, पहिल्यापेक्षा थोडं कमी वाईट. त्या 'थोडं कमी'नं तिला आणखी एकदा तपासायला लावलं. तिसऱ्या वेळी ती हिशेब मांडत असतानाच सगळ्यात वरच्या पायरीवर, जिथं सकाळपासून काही नव्हतं, तिथं आकडे यायला लागले. आता हिशेबाची गरज उरली नव्हती.

"मास्तर, इकडे या."

तिचा आवाज ऐकून ते पेला ठेवायचाही विसरले. पेला हातात धरूनच त्यांनी पडद्यावर नजर टाकली. मुलांना शिकवलेला माणूस, त्यांना एका नजरेत समजलं. खुर्चीकडे धावत जाऊन त्यांनी वर निरोप सोडला, "सगळ्यांनी आत. ताबडतोब." मग वळून तिच्याकडे बघितलं.

"हे तुला कधीपासून दिसतंय?"

"तुम्ही चहा आणलात त्याच्या आधीपासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

तिनं खुर्चीकडे बोट दाखवलं. मास्तरांनी मागे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं, आणि तोंडावरून हात फिरवला.

वरच्या मुकादमाचा आवाज खोलीत येत होता. दोघं गाडीसकट निवाऱ्याजवळच होते, ते आत पोचले. टोकाला एकटा राहिला होता तो भिंगरी. गाडी त्याला आणायला जाणं म्हणजे आणखी एकाला मरायला पाठवणं होतं, मुकादमानं ते केलं नाही आणि खालीही कोणी त्याला तसं सांगितलं नाही. भिंगरीला नळासाठी खणलेल्या चरात आडवं व्हायला सांगितलं. त्यानं चरात झोपून अंगावर जमतील तेवढे नळ ओढून घेतले. मुकादम सांगत होता, "झोपलाय. विचारतोय की किती वेळ झोपायचं."

भिंतीवरचा कणांचा आकडा वर चढत होता. दाराबाहेर कोणीतरी हसत बोलत होतं, त्यांना काही माहीत नव्हतं. थोरली देवाचं नाव घेऊ लागली आणि घेता घेता तिच्या ध्यानात आलं की आपण मागतोय ते घडून गेलेलं परत फिरवायला मागतोय. तरी ती घेत राहिली. दुसरं काय होतं तिच्यापाशी?

*

वरच्या डॉक्टरीणबाईंनी थोरलीशी एकटीशी बोलणं केलं. त्यांच्या बोलण्यात आडपडदा नव्हता. निवारा गाठला असता तर काही झालं नसतं. पाऊण तास आधी कळतं तरी, गाडी त्याला घेऊन पोचली असती. आता जेवढं अंगातून गेलं आहे त्यावर औषध नाही. हाडांच्या आत रक्त तयार होतं, ते थांबलं आहे. खाली आणायला यान निघेल, पण ते पोचेपर्यंत तो टिकणार नाही.

"आणि एक सांगते," बाई म्हणाल्या, "आता उलट्या होतायत त्या थांबतील. मग काही दिवस त्याला बरं वाटेल, चांगलं बरं वाटेल. त्यावर जाऊ नका. तो या आजाराचा स्वभाव आहे."

खाली चौकशी झाली. साहेब भला माणूस होता, त्यानं थोरलीला समोर बसवून पाणी दिलं. "ताई, तुमच्यावर कसलाच ठपका नाही. उलट तुम्ही नियम पाळलात. शून्याखालचे आकडे लपवायचे नाहीत, एवढं आम्ही आता ठरवलंय."

"नियम पाळला," ती म्हणाली.

"हो. हेच मी लिहिणार आहे."

ती बाहेर आली तेव्हा मास्तर जिन्यात उभे होते. त्यांना काही म्हणायचं होतं. "मी तसं विचारायला नको होतं," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "तुम्ही प्रेमानं विचारलंत, मास्तर." आणि खरंच तसंच होतं, त्यामुळे राग धरायलाही माणूस मिळेना. रस्त्यावर ऊन पडलं होतं. भाजीवाली गिऱ्हाइकाशी घासाघीस करत होती, एक आजोबा नातवाला उन्हातून सावलीत ओढत होते. थोरली चालत घरी गेली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसंच झालं. चौथ्या दिवशी भिंगरी उठून बसला. त्यानं खायला मागितलं. घरच्या पडद्यावर त्याचा चेहरा आला तेव्हा गालांवर लाली होती, आणि आईनं हात जोडले.

"ऐकलं गं बाई त्यानं माझं," ती थोरलीला म्हणाली. तिनं 'त्यानं' म्हटलं ते देवाला. "रात्रंदिवस त्याच्या कानाशी बसले होते. म्हटलं, तुला झोपू द्यायची नाही."

थोरली काही बोलली नाही. आईचा आनंद मोडायचा हक्क आपल्याला नाही असं तिला वाटलं, आणि लगेच हेही वाटलं की आपण पुन्हा गप्प बसायला कारणं शोधतोय.

आई देवाशी बोलायला आतल्या खोलीत गेली. पडद्यावर भिंगरी आणि इकडे थोरली. चंद्र काही थोडाथोडका लांब नाही, एकाचं बोलणं दुसऱ्यापर्यंत पोचायला जरा वेळ लागायचा, म्हणून प्रश्न विचारून वाट बघत बसावं लागे.

"ताई, इथं सगळे माझ्याशी फार गोड बोलतात," तो म्हणाला. "मुकादमसुद्धा. तो माणूस आपल्या बायकोशीसुद्धा गोड बोलत नाही. काल मला म्हणाला, तुझा सांधा बघितला, एक थेंब गळत नाही." थोडा थांबला. "मी बरा होतोय ना?"

तिनं उत्तर जुळवलं नाही, ते तोलूनही बघितलं नाही.

"नाही रे," ती म्हणाली. "बरा होणार नाहीस. हे चार दिवस बरं वाटेल, मग नाही वाटणार. आणि मला आधी कळलं होतं, भिंगरी. तू वाचशील इतकं आधी. मी खात्री करत बसले."

मग ते सगळं वर पोचेपर्यंतचा तो वेळ. तिच्या बोलण्याआधीचाच त्याचा चेहरा पडद्यावर होता, किंचित हसरा, उत्तराची वाट बघणारा. तो चेहरा तिला बघावा लागला. मग शब्द पोचले.

त्यानं हातांकडे बघितलं. बोटं उघडली, मिटली.

"कशाची खात्री?"

"मी घाबरले नाहीये याची."

"आणि घाबरली होतीस?"

"हो."

"मग घाबरूनच सांगायचंस गं ताई." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो त्यानं लपवला नाही. "मी काय म्हणालो असतो? आत जाऊन बसलो असतो. तुला शिव्या दिल्या असत्या, चहा पीत."

"हो."

"मला तू क्षमा-बिमा मागू नकोस. मला नाही जमायचं एवढ्यात, आणि जमायला वेळही दिसत नाही." त्यानं भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. तिला हात लांब करून त्या खांद्यावर ठेवता येत नव्हता. ती पडद्यापुढून हलली नाही.

मग तो वळला. "आईला माहीत आहे?"

"नाही. सांगू?"

"आज नको. तिला बोलव. आणि तू कुठं जाऊ नकोस, बस तिथंच."

आई पदराला हात पुसत आली. "काय रे, काय हवंय राजाला?"

"गा गं काहीतरी. लहानपणी झोपवताना म्हणायचीस ते."

"आता? एवढा घोडा झालास..." पण ती बसलीच. तिचं ते गाणं म्हणजे देवाला उठवायचं गाणं, मुलांना मात्र त्यावर झोप यायची. तिनं पहिली ओळ म्हटली. पडद्यावरचा भिंगरी गप्पच होता, आणि ती दुसरी ओळ सुरू करते तो पहिलीचा त्याचा आवाज आला, तिच्या सुरावर चढला आणि दोन्हीचा गोंधळ झाला. आई थांबली.

"दम लागतोय गं पोराला," ती थोरलीला हळूच म्हणाली. "मागे पडतोय."

मग तिनं पहिल्यापासून सुरू केलं. एक ओळ म्हटली आणि ओठ मिटून, मान कलती करून थांबली. लांबून त्याची ओळ आली, सावकाश, पूर्ण. ती संपेपर्यंत आई थांबली, आणि मग पुढची म्हटली.